चमच्याची पाठ

अगं, काल फोनवर तू सहज म्हणालीस, "सोमवारी सराफाकडे नेऊन टाकते", आणि माझा जीव टांगणीला लागला. नेऊ नकोस. निदान आधी माझं ऐक, मग काय करायचं ते कर.

सासूबाईंच्या ट्रंकेतले ते अकरा चमचे. पाठीवर १८४७ उमटलंय, म्हणून तुमच्या घरी सगळे त्यांना सत्तावन्नच्या बंडाआधीचे म्हणतात. हसू आलं मला, कारण माझ्याकडच्या चार चमच्यांबद्दल मीही तीन वर्षं पाहुण्यांना हेच सांगत होते! ते सालबिल नाही गं, नावाचाच भाग आहे. '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असा तो छाप. अमेरिकेत हार्टफर्ड गावच्या रॉजर्स भावांनी त्या साली विजेच्या जोरावर चांदीचं पाणी चढवायला सुरुवात केली. पुढे १८६२ मध्ये त्यांचा छाप मेरिडन ब्रिटानिया कंपनीकडे गेला, १८९८ मध्ये ती कंपनी इंटरनॅशनल सिल्व्हरमध्ये सामील झाली, पण चमच्यावर १८४७ उमटतच राहिलं. पेढ्याच्या दुकानाच्या पाटीवर 'स्थापना' असते, म्हणून पेढा तेव्हाचा असतो का?

मग खरं वय कशावरून कळायचं? दांड्यावरच्या नक्षीवरून. फोटोत मला द्राक्षांचे घोस दिसले, पानं आणि वेलीची वळणं. नीट बघ, घोस उठावाचे आहेत का, आणि दांड्याच्या कडेपर्यंत वेल जाते का. तसं असेल तर ती बहुतेक 'व्हिंटेज' नावाची नक्षी, १९०४ सालची. नक्षीचं नाव चमच्यावर बहुधा नसतंच, म्हणून चित्र जुळवून शोधावं लागतं. अमेरिकेत ग्रीन्सबरोला 'रिप्लेसमेंट्स' नावाचं दुकान आहे. हरवलेल्या चमच्याकाट्यांची जोडी जुळवून द्यायचा त्यांचा धंदा १९८१ पासून चाललाय. त्यांच्याकडच्या चित्रांशी ताडून बघता येतं. नक्षीचं पेटंट घेतलेलं असेल तर त्याची तारीख कधीकधी पाठीवरच असते. सोलापूरच्या बाईला द्राक्षांचा घोस ओळखायला अडचण पडू नये म्हणा!

पाठीवरची अक्षरं वाचताना मात्र डोळे फाडून वाच. रॉजर्स नावाचा तिकडे सुळसुळाट होता. 'विल्यम रॉजर्स', 'रॉजर्स अँड ब्रदर', जहाजाच्या नांगराचं चित्र असलेला आणखी वेगळाच. 'अँड' आहे की नाही, नांगर आहे की तारा, एवढ्यावरून कारखाना बदलतो. अक्षरं पुसट असतील तर अंगाला लावायची पावडर बोटानं हलकेच चोळ, ती खाचेत बसते आणि वाचता येतं. फोटो काढताना दिवा समोरून नको, बाजूनं तिरपा धर.

घासू मात्र नकोस. एक चमचा मी चिंच-मीठ लावून बंबासारखा घासला होता. अर्ध्या तासात तो चकाकला, आणि खालचा पिवळट धातू वर आला. आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो ना, तेच ते. तांबं, निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही. वरचा मुलामा तेवढा चांदीचा, तोच मी मोरीत सोडला. छापही निम्मा गेला. सराफ तुला हेच सांगेल, "ताई, हे चांदीचं नाही". वर कसोटीवर एक ओरखडा ओढून बघेल. चांदीच्या भावानं त्यांची किंमत नाहीच, तर ओरखडा कशाला?

दांड्याच्या टोकाला 'एच' अक्षर आहे म्हणालीस. तुमच्या घरी आजेसासूबाई वोरोनोको शाळेत शिकवायच्या, म्हणून हे कुणा मडमेनं जाताना दिले, अशी गोष्ट आहे. असू शकतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ पासून मुंबईत आणि पुढे नगर-सोलापुरात होते, आणि वोरोनोको त्यांचीच. तिकडे लग्नात नवरीच्या माहेरच्या आडनावाचं अक्षर चमच्यांवर कोरायची पद्धत होती. आपण नाही का पातेल्याच्या काठावर 'अमक्याकडून सप्रेम' घालून घेत? पण एका अक्षरावरून मडमेचं नाव ठरवू नकोस. मिशनची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. आधी आजेसासूबाईंची शाळेतली वर्षं विचारून घे. त्या १९०४ च्या आधीच शाळा सोडून गेल्या असतील, तर गोष्ट तिथेच मोडते.

आणखी एक. चमच्याच्या वाटीचं टोक बघ, डावी कड जास्त झिजलेली दिसेल. उजव्या हातानं खाणाऱ्यांनी ती ताटलीवर घासून झिजवली. माझ्या एका चमच्याची उजवी कड झिजलीय. कुणी डावखुरं असेल, एवढंच मी म्हणते.

रविवारी येते मी भिंग घेऊन. तोवर मऊ फडक्यानं कोमट साबणपाण्यात पुसून वाळव. आणि बाराव्या चमच्याचा शोध घेत असशील, तर शेंगाचटणीच्या बरणीत बघ. लसणानं चांदी काळी पडते, मिठानं खड्डे पडतात. त्यात असला तर आजच बाहेर काढ.