कोडच्या पुढची तपासणी

निपाणी

चि. बाळू यास,


लॅपटॉपला जोडायची केबल आणि सॉफ्टवेअर घेतल्याचं परवा फोनवर सांगितलंस. फार बरं केलंस. बेळगावच्या उद्यमबागेजवळ गॅरेज टाकायचं आणि स्कॅनर नाही, हे आता चालण्यासारखं नाही. एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना बिघाड नोंदवणारी ओबीडी-२ यंत्रणा आली, १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ देशभर लागू झालं आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६. तुझ्या दारात येणाऱ्या बहुतेक गाड्या डॅशबोर्डखाली ओबीडीचं सोळा पिनांचं सॉकेट घेऊनच येतात. पण त्याच फोनवर तू म्हणालास, "मामा, आता गाडीच सांगेल काय बिघडलंय ते." तेवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय.

गाडी तसं सांगत नसते. सेन्सरनं काही कळवलं, ते इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, म्हणजे ईसीयूच्या, हिशेबात बसलं नाही, की ईसीयू कोड नोंदवून ठेवतो. कोड ही फिर्याद आहे. निकाल तुला द्यायचाय, आणि त्याआधी साक्षीपुरावे तपासायचे आहेत.

पी ०१७१ घे. मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. हा कोड दिसला की सरळ ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मिस्त्री बेळगावपासून कोल्हापूरपर्यंत भेटतील. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, आठवड्यात लाइट परत लागते. सेन्सरनं बहुतेक वेळा खरं तेच सांगितलेलं असतं. अशा वेळी कोडचं पान बंद कर आणि लाइव्ह डेटा उघड. इंजिन पूर्ण गरम होऊ दे. स्लोवर शॉर्ट आणि लाँग, दोन्ही फ्यूएल ट्रिमची, म्हणजे ईसीयूनं पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं त्या आकड्यांची, बेरीज बघ. समज, अधिक १८ टक्के आहे. मग रेस देऊन २५०० आरपीएमवर धरून ठेव. आकडा हळूहळू तीन-चारवर उतरला, तर एअर फ्लो सेन्सर ओलांडून पुढं कुठंतरी हवा ओढली जातेय असं समज: मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा होज, नाहीतर एखादी तडकलेली नळी. स्लोवर इंजिन घेतं तेच थोडं, त्यात ही चोरटी हवा मोठी ठरते. रेसवर तीच हवा किरकोळ होते. उलट, स्लोवर सगळं ठीक आणि लोडवर आकडा चढत गेला, तर पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर यांच्याकडं वळ.

एवढं पाठ केलंस तरी पुरणार नाही. एअर फ्लो सेन्सर नसलेल्या, नुसत्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्या आपल्याकडं भरपूर आहेत. तिथं हवा शिरली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो, ईसीयू त्या दाबाप्रमाणे पेट्रोलही वाढवतो, आणि ट्रिम फारसा हलायच्या ऐवजी स्लोच वाढतो. म्हणून समोरची गाडी हवा कशी मोजते ते आधी बघायचं, आकडे नंतर वाचायचे. हे सॉफ्टवेअर शिकवत नाही. वायरिंगचा नकाशा आणि मल्टिमीटर जवळ ठेव. दोन्हींचा कंटाळा करू नकोस. निम्म्या भानगडी कपलरमधल्या हिरव्या गंजात आणि सैल अर्थिंगमध्ये असतात.

आता डिझेलचं. इथं पैशाचा आणि जिवाचाही प्रश्न आहे, म्हणून सावकाश वाच. फियाटचं १.३ मल्टिजेट स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत बसलं आणि आपल्या भागात अजून ढिगानं फिरतंय. अशी गाडी स्टार्टर मारूनही चालू होत नाही, स्कॅनरवर पी ००८७ म्हणजे रेलचं प्रेशर कमी असं येतं, आणि मिस्त्री हाय प्रेशर पंपाचा मोठा आकडा सांगून मोकळा होतो. तू स्टार्टर मारत असताना रेल प्रेशरचा आकडा बघ. साधारण दोन-अडीचशे बार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. प्रेशर तिथवर पोचत नसेल, तर आधी डिझेल फिल्टर बघ. मग पंपाच्या अलीकडं थोडी पारदर्शक नळी घालून बुडबुडे दिसतात का ते बघ. मग चारी इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लाव. एक बाटली बाकीच्यांच्या आधी भरायला लागली, तर चोर तिथं आहे. हे सगळं झाल्यावर पंपाचं नाव तोंडातून काढायचं.

आणि जुन्या मिस्त्र्यांची एक सवय मुळीच उचलू नकोस. जीप, मेटाडोर, ट्रॅक्टर यांच्यावर काम केलेले लोक चालू इंजिनावर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते ओळखतात. त्या इंजिनांवर ते चालून गेलं. कॉमन रेलमध्ये दीड हजार बारच्या वर प्रेशर जातं. ती धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. वरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि पुढं बोट, हात कापायची वेळ येते. इंजेक्टर बंद करून बघायची सोय तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तिचा उपयोग कर. नट चालू इंजिनावर सोडायचा नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

काही तक्रारी गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर दिसतच नाहीत. "घाटात लोड घेत नाही" असं कुणी म्हटलं तर गाडी तवंदी घाटात घेऊन जा. टर्बोचं प्रेशर, रेल प्रेशर, हवेचा आकडा, एवढंच रेकॉर्डिंगला लाव. पन्नास गोष्टी एकदम लावल्यास तर प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि नेमका झटका हुकतो. लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या मांडीवर असला पाहिजे. हायवेवर चालवणाऱ्यानं स्क्रीनकडं बघायचं नाही.

वाचणं आणि लिहिणं यातला फरक कायम ध्यानात ठेव. कोड वाचून गाडीचं काही बिघडत नाही. ईसीयूमध्ये लिहायला गेलास की बॅटरीला चार्जर लाव. मधेच व्होल्टेज पडलं तर ईसीयू कायमचा गप्प होऊ शकतो. स्वस्तातली नक्कल केबल आणि चोरीचं सॉफ्टवेअर घेऊन लिहायच्या भानगडीत पडू नकोस. कोड पुसायची तर अजिबात घाई नको. पुसलं की बिघाडाच्या क्षणी नोंदलेले आरपीएम, तापमान, लोड सगळं जातं. आधी पूर्ण स्कॅन सेव्ह कर, फाइलला गाडीचा नंबर आणि किलोमीटर घाल, मगच कोड पुसायला किंवा बॅटरी सोडवायला हात लाव.

बीएस-६ डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, लॅपटॉपवरून जाळून साफ करता येतो. तेव्हा एक्झॉस्टमध्ये सहाशे अंशांच्या आसपास उष्णता होते. हे काम बंद शेडमध्ये किंवा वाळलेल्या गवतावर करायचं नाही. आपल्या भागात उसाचं पाचट आणि तंबाखूचा पाला कुठंही पडलेला असतो, म्हणून मुद्दाम सांगतो. उद्या कुणी येऊन म्हणेल, डीपीएफ काढून टाक आणि सॉफ्टवेअरमध्ये तो बंद करून दे. नाही म्हण. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

सॉफ्टवेअरवर डोळे झाकून भरवसा का ठेवायचा नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुला माहीत असेल. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं ते उघड केलं. जगभरात अशा १ कोटी १० लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. भारतातही सव्वातीन लाखांच्या घरात गाड्या परत बोलावल्या गेल्या. ते सापडलं कसं? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी मोजायचं यंत्र गाडीतच बसवलं, नळी एक्झॉस्टला लावली आणि गाडी रस्त्यावर पळवली. लॅपटॉपवरचा आकडा दुसऱ्या मार्गानं पडताळायची हीच सवय मला तुझ्यात हवी आहे. स्क्रीनवर रेल प्रेशर ठीक दिसतंय, तरी स्टार्टर मारल्यावर इंजिन चालू होत नाही? मग सेन्सरचं व्होल्टेज मीटरनं बघ.

केबल लावायच्या आधी गिऱ्हाइकाला बोलू दे. गाडी केए-२२ असो, केए-२३ असो, कागलकडची एमएच-०९ असो. कन्नडमध्ये सांगो नाहीतर मराठीत. थंड असताना होतं की गरम झाल्यावर? डिझेल कुठं भरलं? शेवटचं बोनेट कुणी उघडलं? तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्याचा फायदा घे. मग स्क्रीन त्याच्याकडं वळवून दाखव, आणि तपासणीचे पैसे किती ते आधी सांग. नुसतं बघायचे पैसे कशाला, असं इथं बरेच जण म्हणतात. तरी घे. तपासणीचे पैसे सोडणारा मिस्त्री ते पुढं न लागणाऱ्या पार्टातून वसूल करतो, आणि तो धंदा मला आपल्या घरात नको.

पुढच्या महिन्यात येताना दोन-तीन गाड्यांची रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्ये घालून आण. एक चांगल्या चालणाऱ्या गाडीचंही आण, म्हणजे शेजारी ठेवून बघता येईल. आक्काला नमस्कार सांग.

तुझा,
मामा