जंतूंची वंशावळ

पूर्वी ज्या गोळ्यांनी चार दिवसांत ताप उतरत असे, त्याच गोळ्या आता पंधरवडाभर देऊनही रोगी अंथरुणावरच असतो, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. लोक म्हणतात, औषधात भेसळ आहे. भेसळ कधी असेलही. पण पुष्कळ वेळा पालट औषधात नव्हे, तर जंतूंत झालेला असतो. हा पालट कोठे उपजतो, आणि गोठा, मनुष्याचे पोट व सांडपाणी ह्यांतून त्याचा माग शोधक लोक कसा काढतात, हा आजच्या पाठाचा विषय होय. वाचकांनी थोडा धीर धरून वाचावे. विषय नवीन असला, तरी समजण्यास कठीण नाही.

जंतूंस मारणारी जी औषधे आहेत त्यांस प्रतिजैविके म्हणतात. १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांस पेनिसिलिनचा शोध लागला, आणि १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या प्रसंगी दिलेल्या व्याख्यानातच त्यांनी जगास बजावले, की हे औषध अपुरे घेतल्यास जंतू मरणार नाहीत, उलट औषध सोसण्यास शिकतील. ‘शिकतील’ ही केवळ बोलण्याची रीत समजावी. जंतूस बुद्धी नाही. लाखो जंतूंत एखाद्याच्या घडणीत असा काही फरक असतो, की औषधाचा मारा त्यास लागत नाही. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि मोकळ्या झालेल्या जागी त्याचीच प्रजा वाढते. गुरांनी रानातले कोवळे गवत खाऊन कडू झुडूप तेवढे सोडले, तर काही वर्षांनी ते रान त्या झुडपाचेच होते, तसे हे आहे.

आता माग कसा काढतात ते पाहू. प्रत्येक जंतूच्या देहात त्याच्या घडणीचा एक लेख असतो. त्यात अक्षरे चारच, पण ती ठरावीक क्रमाने लाखो वेळा मांडलेली. मनुष्यांच्या व जनावरांच्या आतड्यांत राहणारा ई. कोलाय म्हणून जो जंतू आहे, त्याचा लेख सुमारे ४६ लाख अक्षरांचा भरतो. जंतू एकाचे दोन होतो तेव्हा हा सारा लेख नकलून घेतला जातो, व नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. जुन्या हस्तलिखित पोथ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस हे सहज कळेल. नक्कल करणाराने एके ठिकाणी वेलांटी चुकविली, की त्याच्या पोथीवरून उतरलेल्या सर्व पोथ्यांत ती चूक येते. आणि चुका ताडून पाहणारा पंडित कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, हे सांगू शकतो. हल्ली यंत्राच्या साह्याने जंतूचा संपूर्ण लेख थोड्या अवधीत वाचता येतो. दोन जंतूंच्या लेखांत पाचदहा अक्षरांचाच फरक आढळला, तर ते अलीकडेच एकमेकांपासून दुरावले असे समजावे. हजारो अक्षरांचा आढळला, तर नाते फार दूरचे.

परंतु जंतूंच्या पोथीत एक विलक्षण गोष्ट आहे, आणि अनर्थाचे मूळ बहुतेक तीतच आहे. मुख्य लेखाखेरीज पुष्कळ जंतूंजवळ काही सुटी पाने असतात. त्यांस प्लास्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्यास अशा पानाची नक्कल देऊ शकतो, मग तो दुसरा अगदी त्याच्याच जातीचा नसला तरी चालते. औषध सोसण्याची युक्ती अशा पानावर लिहिलेली असली, तर ती बापाकडून मुलाकडे जाण्याची वाट पाहत नाही. शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. म्हणून शोधकास दोन वंशावळी ताडाव्या लागतात, एक जंतूची व दुसरी पानाची.

ह्याचे मोठे उदाहरण चीन देशात घडले, ते आम्ही जरा विस्ताराने सांगतो. कोलिस्टिन नावाचे एक जुने औषध आहे. त्याने मूत्रपिंडांस इजा होते, म्हणून डॉक्टर लोकांनी ते मनुष्यांस देणे पुष्कळ अंशी सोडले होते. पुढे दुसरी औषधे निकामी होऊ लागली, तेव्हा अखेरचा उपाय म्हणून ते पुन्हा कपाटातून काढावे लागले. पण इकडे कित्येक देशांत, डुकरे व कोंबड्या लवकर पोसाव्यात म्हणून, त्यांच्या खाद्यात तेच औषध टनांनी मिसळले जात होते. आजारी जनावरास औषध देणे निराळे, आणि निरोगी कळपास रोज थोडे थोडे चारणे निराळे. दुसऱ्या गोष्टीस औषधोपचार हे नाव आमच्या मते शोभत नाही.

शांघाय येथील एका डुकरापासून मिळालेल्या ई. कोलाय जंतूत कोलिस्टिन सोसण्याचे सामर्थ्य आढळले, आणि ते सुट्या पानावर आहे असे दिसून आले. त्या लेखांशास एमसीआर-१ हे नाव देण्यात आले. कोलिस्टिन जंतूच्या बाहेरील आवरणास चिकटून ते फोडते. हा लेखांश त्या आवरणाचे रूप असे पालटतो, की औषधास पुरती पकड मिळत नाही. २०११ ते २०१४ ह्या काळात जमविलेले जंतू तपासून चिनी शोधकांनी २०१५ च्या नोव्हेंबरात असे प्रसिद्ध केले, की डुकरांच्या ८०४ नमुन्यांपैकी १६६, कच्च्या मांसाच्या ५२३ पैकी ७८, आणि इस्पितळातील रोग्यांच्या १३२२ पैकी १६ नमुन्यांत हा लेखांश होता. जनावरांत पुष्कळ, बाजारात त्याहून कमी, रोग्यांत अगदी थोडा! ह्यावरून त्याची वाट कोणीकडून कोणीकडे असावी, हे वाचकांनीच ताडावे.

ही बातमी पसरताच इतर देशांतील लोकांनी आपापले साठविलेले जंतू उघडून पाहिले, तो एमसीआर-१ तेथेही! मग चीन व इंग्लंड येथील शोधकांनी ३१ देशांतील ४५७ जंतूंचे लेख एकत्र मांडून चुका ताडल्या. २०१८ साली त्यांनी सांगितले, की हा लेखांश सुट्या पानांवर चढला तो एकदाच, २००० नंतरच्या पहिल्या दशकाच्या मध्यास, आणि तोही बहुधा चीनमधील पाळीव पशूंत. जगभर पसरलेल्या इतक्या प्रतींचे मूळ एक!

तथापि प्रत्येक दुखणे गोठ्यातूनच येते, असे कोणी ह्यावरून म्हणू नये. इंग्लंडच्या पूर्व भागातील २९ पशुपालनस्थळांचे ई. कोलाय जंतू आणि रक्तात विष भिनलेल्या रोग्यांचे ई. कोलाय जंतू ह्यांचे लेख ताडले असता, दोहोंची घराणी बहुतांशी वेगळी निघाली. ही गोष्ट २०१९ साली प्रसिद्ध झाली. तेथे दोष गोठ्यावर टाकणे अन्यायाचे झाले असते. लेख वाचण्याचा खरा लाभ आम्हास हाच वाटतो, की अंदाजाने कोणास दोषी ठरविण्याची गरज उरत नाही.

सांडपाण्याचाही असाच तपास झाला आहे. ६० देशांतील ७९ ठिकाणांहून शुद्ध न केलेले सांडपाणी आणून त्यातील सर्व लेख एकदम वाचण्यात आले. ह्यात सोय अशी, की कोणा एका माणसास न तपासता साऱ्या वस्तीचे पोट तपासले जाते. जेथे शौचाची व पाण्याची व्यवस्था आणि लोकांचे एकंदर आरोग्य चांगले नाही, तेथे औषध सोसणारे लेखांश अधिक आढळले. तेव्हा शौचकूप बांधणे आणि विहिरीपासून घाण दूर ठेवणे हेही ह्याच कामात मोडते.

चीनच्या सरकारने २०१७ च्या एप्रिलअखेरपासून पशुवृद्धीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे बंद केले. २०१५ साली त्या देशात ह्या औषधाचे उत्पादन २७,१७० टन होते. २०१८ साली ते २,४९७ टनांवर आले. डुकरांच्या ई. कोलाय जंतूंत कोलिस्टिन सोसणारे २०१५-१६ साली शेकडा ३४ होते, ते २०१७-१८ साली शेकडा ५ वर उतरले. इतकेच नव्हे, तर निरोगी दिसणाऱ्या माणसांत हा लेखांश पोटात बाळगणारे २०१६ साली शेकडा १४ होते, ते २०१९ साली शेकडा ६ झाले.  ह्या अवधीत जनावरांचा चारा पालटला होता. मात्र तो लेखांश समूळ गेलेला नाही.

आपल्या देशातही कुक्कुटपालनात कोलिस्टिन वापरण्याची चाल होती. भारत सरकारने २०१९ च्या जुलैत अन्नासाठी पाळलेली जनावरे, कोंबड्या, मत्स्यपालन व पशुखाद्य ह्यांसाठी त्याची निर्मिती, विक्री व वाटप मना केले आहे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी खाद्याच्या पिशवीवरील व औषधाच्या बाटलीवरील नाव एकदा वाचून पाहावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस ते वाचून दाखविण्याचे काम गावच्या शिक्षकांनी अंगावर घ्यावे. आणि ‘कोलिस्टिन’ हे नाव आढळल्यास ती वस्तू ओढ्यात अथवा उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यांस नेऊन दाखवावी.