डाळिंबाची साल आणि रंगाचे पाणी

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा सूत रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. डाळिंबाच्या साली सांडपाण्यात टाकल्या की जड धातू नाहीसे होतात म्हणे. खरे का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : कल्पना चांगली आहे, पण धातू नाहीसे होत नाहीत, ते सालीला चिकटतात. सालीतले टॅनिन शिसे, तांबे, क्रोमियम धरून ठेवते. ताजी साल टाकू नका, तिचाच रंग पाण्यात उतरतो. धुऊन, वाळवून पूड करा. आधी पाणी तपासून घ्या. धातू काही रंगांतच असतात. सामूही सांभाळा : शिसे ५ च्या आसपास, सहा-संयुजी क्रोमियम २ च्या आसपास चांगले धरले जाते. सध्याची प्रक्रिया बंद न करता बादलीभर पाण्यावर प्रयोग करा. वापरलेली पूड खतात मुळीच घालू नका, घातक कचऱ्यातच द्या.