मोठी टाकी, बारीक नळ

"मोठा देश शेजारच्या छोट्या देशावर चालून गेला, तर कोण जिंकणार? सिंपल आहे गं, मोठा!" हॉस्टेलच्या मेसमध्ये माझ्या रूममेटने असा निकाल देऊन टाकला आणि वर दुसरी पोळी मागितली. मी म्हटलं, इतकं सिंपल असतं तर २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कीव्ह शहराच्या उत्तरेला रशियन गाड्यांची ती मैलोन्‌मैल लांब रांग रस्त्यावर अडकून का पडली असती? आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते सैन्य तिथून मागे का गेलं असतं? ती म्हणाली, "ते अपवाद." मग मी हट्टाने लायब्ररी गाठली. तिथे जे सापडलं त्यातलं एक जुनं उदाहरण आज तुमच्यापुढे मांडते. ते म्हणजे सोव्हिएत रशिया आणि फिनलंड यांचं 'हिवाळी युद्ध'.

आधी आकडे बघू, कारण आपण इंजिनिअर. १९३९ साली सोव्हिएत युनियनची लोकसंख्या सुमारे १७ कोटी, फिनलंडची जेमतेम ३७ लाख. सोव्हिएत रणगाडे दोन हजारांहून जास्त, फिनलंडकडे तीसेक, तेही बहुतेक जुनाट. लेनिनग्राड शहर सीमेच्या फार जवळ आहे, म्हणून सीमा मागे सरकवा, अशी स्टालिनची मागणी होती. बदल्यात दुसरीकडे जमीन द्यायची तयारीही त्याने दाखवली होती. फिनलंडने नाही म्हटलं. ३० नोव्हेंबर १९३९ ला हल्ला झाला. दोन-तीन आठवड्यांत काम फत्ते होईल, असा मॉस्कोचा हिशोब होता. युद्ध चाललं १०५ दिवस! मग हिशोब चुकला कुठे?

१. रस्ता

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी कितीही मोठी असो, नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली भरायला वेळ लागणारच. युद्धाचंही तसंच असतं. सैन्य किती आहे यापेक्षा लढाईच्या जागी एका वेळी किती पोचतं, हे महत्त्वाचं.

फिनलंडची सीमा सुमारे १३०० किलोमीटर लांब, पण त्यातला बहुतेक भाग म्हणजे दाट जंगल, दलदल आणि तळी. मोठं सैन्य नेता येईल अशी जागा मुख्यतः एकच होती, लाडोगा सरोवर आणि समुद्र यांच्यामधली कॅरेलियन संयोगभूमी. तिथे फिनलंडने खंदक, तारा आणि बंकरची 'मानरहाइम लाइन' उभारली होती. उत्तरेकडे तर डिव्हिजनच्या डिव्हिजन एकेका अरुंद जंगली रस्त्याने निघाल्या. रणगाडे, तोफा, ट्रक, घोडे, सगळं एकामागे एक. पुढचा थांबला की मागचे सगळे थांबले. आपल्या घाटात एक ट्रक बंद पडला की काय होतं ते आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल.

सुओमुस्साल्मी या गावाजवळ नेमकं हेच घडलं. आधी सोव्हिएत १६३ वी डिव्हिजन तिथे अडकली, आणि तिच्या मदतीला राते नावाच्या रस्त्याने येणारी ४४ वी डिव्हिजनसुद्धा. फिनिश तुकड्या स्कीवरून जंगलातून आल्या, रस्ता मध्येच तोडला आणि त्या लांबलचक रांगेचे तुकडे पाडले. अशा वेढलेल्या तुकड्याला फिनिश लोक 'मोत्ती' म्हणायचे. त्याचा मूळ अर्थ, रचून ठेवलेल्या जळाऊ लाकडाचा ढीग. ढीग रचून ठेवायचा, सावकाश जाळायचा! जानेवारी १९४० च्या पहिल्या आठवड्यात ४४ वी डिव्हिजन संपली.

२. थंडी

तुम्ही म्हणाल, थंडी तर दोघांनाही होती. बरोबर. पण तयारी दोघांची नव्हती. पारा उणे ४० च्या आसपास गेला होता. फिनिश सैनिकाकडे पांढरा पोशाख, स्की, तंबूत शेगडी. समोरच्यांमध्ये कित्येकांना स्कीवर नीट उभंही राहता येत नव्हतं, आणि बर्फात त्यांचे गडद रंगाचे रणगाडे लांबून दिसायचे. फिनिश तुकड्या मुद्दाम त्यांच्या फिरत्या स्वयंपाकघरांवर हल्ला करायच्या. गरम जेवण गेलं की उरलेलं काम थंडी करायची.

३. भीती

१९३७-३८ मध्ये स्टालिनने आपल्याच लष्करातले हजारो अधिकारी काढून टाकले, कित्येकांना ठार केलं. पाच मार्शलपैकी तिघे त्यात गेले. उरलेल्यांनी एक धडा पक्का घेतला : स्वतःच्या डोक्याने काही करू नका. मग वेढा पडत असताना मागे फिरावं की नाही, हे तिथल्या तिथे कोण ठरवणार? ४४ व्या डिव्हिजनचा प्रमुख विनोग्रादोव वाचून परत आला, तर त्याला त्याच्याच सैनिकांसमोर गोळी घातली. फीडबॅक देणाऱ्यालाच संपवलं तर सिस्टिम सुधारणार कशी?

४. चुकीचं गृहीतक

मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फिनलंडमध्ये १९१८ साली भयंकर यादवी झाली होती, कामगारांचे 'लाल' विरुद्ध 'पांढरे'. त्यामुळे फिनिश कामगार आपलं स्वागतच करतील, असं मॉस्कोने धरलं. सीमेजवळच्या तेरियोकी गावात कुसिनेन या फिनिश कम्युनिस्टाचं एक नकली सरकारसुद्धा बसवलं. पण वीस वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडलेली माणसं आता एकाच खंदकात बसली. कारण साधं आहे. हल्ला करणारा दुसऱ्याच्या जमिनीसाठी लढतो, समोरचा स्वतःच्या घरासाठी. त्याला मागे जायला जागाच नसते.

हे सगळं मी रूममेटला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "पण शेवटी जिंकलं कोण?"

इथे मला खरं सांगायलाच हवं. शेवटी फिनलंड हरलं. सोव्हिएत युनियन चुकांमधून शिकलं. जानेवारीत टिमोशेन्को या सेनापतीकडे सूत्रं आली. त्याने घाई थांबवली, सराव करून घेतला, तोफा आणल्या, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर सुम्मा भागात मानरहाइम लाइन फोडली. फिनलंडकडे तोफगोळे संपत आले होते, माणसं थकली होती. १३ मार्च १९४० ला युद्ध थांबलं. सुमारे एक दशांश जमीन गेली, विपुरी शहर गेलं, आणि चार लाखांहून जास्त माणसं घर सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. फिनलंडचे सुमारे २५ हजार सैनिक गेले. म्हणजे 'छोट्याने मोठ्याला हरवलं' अशी टाळ्या घ्यायची ही गोष्ट नाही.

पण मग मोठा जिंकला का? सोव्हिएत बाजूचे लाखाहून जास्त सैनिक मेले. लीग ऑफ नेशन्समधून हकालपट्टी झाली. नकली सरकार गुंडाळावं लागलं. फिनलंड स्वतंत्रच राहिलं आणि हा शेजारी कधीच विसरलं नाही. १९४१ मध्ये ते जर्मनीच्या बाजूने पुन्हा लढाईत उतरलं. २०२३ साली ते नाटोत गेलं, तेव्हा रशियाची नाटोशी असलेली सीमा एकदम दुपटीहून मोठी झाली. जे टाळण्यासाठी जायचं, तेच ओढवून घ्यायचं, असा हा प्रकार.

वाचताना एक गोष्ट मात्र मला चटका लावून गेली. राते रस्त्यावर बर्फात गोठलेल्या त्या ४४ व्या डिव्हिजनमधली बरीच पोरं युक्रेनची होती. आपल्याच वयाची असतील. आपण कुठे आणि कशासाठी चाललोय, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

रूममेटचं मत बदललं का? पूर्ण नाही. "मोठा जिंकतो, पण महाग पडतं," इथपर्यंत ती आलीय. मला वाटतं, हल्ल्याचा हुकूम देणाऱ्यांना हे शेवटचे तीन शब्द आधी कळले, तरी पुष्कळ आहे.