शेवटी उरतो कोण? दोन मोबाइल खेळांचे गणित

संगीत खुर्ची तुम्ही सर्वांनी खेळली असेल. दर फेरीला एक खुर्ची कमी होते, एक गडी बाद होतो आणि अखेर एकच उरतो. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणजेच बीजीएमआय आणि ‘फ्री फायर’ हे मोबाइलवरील नेमबाजीचे खेळ याच तत्त्वावर रचलेले आहेत. फरक एवढाच की, येथे खुर्च्यांऐवजी जमीन कमी होत जाते. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तरी त्याची ‘मॅक्स’ आवृत्ती पुढेही खेळली जात राहिली.

जमीन आणि गर्दी

जालना जिल्ह्यातील हसनाबाद गाव नकाशाच्या मध्यभागी धरा. तेथून चारही दिशांना ४-४ किलोमीटर मोजून चौरस काढा. त्याचे क्षेत्रफळ ६४ चौ. किमी. भरेल. बीजीएमआयमधील ‘एरंगेल’ हा नकाशा एवढाच आहे. त्यावर १०० खेळाडू उतरतात. प्रत्येकाच्या वाट्याला ६४ हेक्टर, म्हणजे सुमारे १५८ एकर रान येते. एवढ्या शिवारात एकच माणूस! साहजिकच सुरुवातीला लपणे सोपे असते.

पण खेळात एक सुरक्षित वर्तुळ असते व ते आकसत जाते. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथाई होते. समजा, २ किमी. त्रिज्येच्या वर्तुळात (१२.५६ चौ. किमी.) ६० खेळाडू आहेत, दर चौ. किमी.मध्ये साधारण ५. त्रिज्या १ किमी. झाली (३.१४ चौ. किमी.) तेव्हा ३० उरले, तर दर चौ. किमी.मध्ये साधारण १०. खेळाडू निम्मे झाले, तरी गर्दी दुप्पट झाली! गाठ पडणे टळत नाही ते यामुळेच.

दोन तऱ्हा

बीजीएमआयचा सामना सुमारे अर्धा तास चालतो. त्यात भूभाग ओळखणे, आडोसा धरणे, वाट पाहणे यांना महत्त्व आहे. फ्री फायरमध्ये सुमारे ५० खेळाडू असतात आणि सामना साधारण १० मिनिटांत आटोपतो. त्यातील पात्रांना निरनिराळ्या खास शक्तीही असतात. तेथे चपळ बोटे व झटपट निर्णय उपयोगी पडतात.

जिंकण्याची संभाव्यता

सर्व खेळाडू सारख्याच कौशल्याचे व एकेकटे खेळणारे मानू. १०० जणांत जिंकण्याची संभाव्यता १/१०० आणि हरण्याची ०.९९. सलग १०० सामने हरण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. म्हणून १०० सामन्यांत निदान एकदा जिंकण्याची संभाव्यता ०.६३ झाली. ५० खेळाडूंच्या खेळात ५० सामन्यांनंतर ती ०.६४ येते, जवळजवळ तेवढीच.

आता वेळ पाहा. प्रत्येक सामना शेवटपर्यंत चालला असे धरले, तर पहिल्या खेळात ५० तास लागतील, दुसऱ्यात ८ तास २० मिनिटे. लवकर बाद होणाऱ्याचा वेळ वाचतो. पण तो लगेच पुढचा सामना सुरू करतो.

९९ वेळा हरलेल्या मुलाला वाटते, “आता माझी पाळी येणारच.” हे चूक आहे. शंभराव्या सामन्यातही संभाव्यता १/१०० च असते. मागच्या पराभवांची खेळाला आठवण नसते.

कबुतराची टोच

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. कळीवर टोच मारली की दाणा मिळे. पण कितव्या टोचीला, हे ठरलेले नसे. अशी कबुतरे भराभर टोचत राहत आणि दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ थांबत नसत. अनिश्चित बक्षीस सवय घट्ट करते. ‘आणखी एकच सामना’ म्हणताना हे लक्षात ठेवावे. खेळावरचा ताबा सुटून अभ्यास, झोप, घर मागे पडणे हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात घेतला असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले.

करून पाहा

१. डब्यात ५० चिठ्ठ्या टाका. एकीवर फुली करा. चिठ्ठी काढा, पाहा, परत टाका, डबा हलवा. असे प्रत्येकाने ५० वेळा करावे. वर्गातील किती जणांना एकदाही फुली मिळाली नाही? शेकडा ३६ च्या जवळपास उत्तर येते का ते पाहा.

२. वर्तुळाची त्रिज्या २५० मीटर आणि खेळाडू ८ असतील, तर दर चौ. किमी.मध्ये गर्दी किती?