नोकरी सुटल्यावर राहावे कोठे?

तीस-पस्तीस वर्षे कारखान्याचा भोंगा ऐकून उठलेल्या मनुष्यास, आता हा भोंगा आपल्याकरिता नाही, असे एके दिवशी कळते. पहिले आठ दिवस त्यास मौज वाटते. नवव्या दिवशी तो अंगणात खुर्ची टाकून बसतो आणि आमटीत मीठ किती घालावे येथपासून घरातील माणसांस शिकवू लागतो. वाचकहो, हे ऐकून हसू येते खरे. पण ज्या घरी हा प्रकार चालतो तेथील सुनेस विचारून पाहावे. पलूस व त्याच्या आसपासच्या गावांत अशी घरे पुष्कळ आहेत. म्हणून निवृत्त मनुष्याने प्रवास केव्हा करावा, घर केव्हा बदलावे व यांतील आधी कोणते करावे, याचा विचार या धड्यात करू.

घर बदलणे ही गोष्ट या भागास अपरिचित नाही. बेळगावास लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याची जागा नगराच्या वाढीकरिता घेतली गेली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस कुंडल रोड स्टेशनानजीक 32 एकर माळ दिला. 1910 साली निवडुंग तोडून तेथे जी वस्ती झाली तीच किर्लोस्करवाडी. बेळगावाहून आलेल्या कुटुंबांस माळावरचा पहिला उन्हाळा कसा गेला असेल, याची कल्पना करावी. तथापि ती माणसे तरुण होती व सकाळ उजाडली की त्यांच्या हातांस काम होते. साठाव्या वर्षी जो घर बदलतो त्याच्याबरोबर काम जात नाही. फक्त पेट्या व भांडी जातात. हा भेद लहान नाही.

शिवाय कित्येकांस घर बदलावेच लागते. कारखान्याची खोली, शाळेचे बिऱ्हाड, मंडळीने सेवकास दिलेले घर, ही सारी नोकरीबरोबर येतात व नोकरीबरोबर जातात. ज्या सेवकाने पाच-सहा गावी बदल्या भोगल्या, त्यास आपले गाव कोणते हे चटकन सांगताही येत नाही. अशाने नोकरीची शेवटची पाच वर्षे राहिली असतानाच हा विचार आरंभावा. पुष्कळ जण निरोपसमारंभाचा हार गळ्यातून काढल्यावर तो आरंभतात.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ ओतकामाच्या खात्यात मोल्डर होते. त्यांचे स्वतःचे तीन खणांचे घर होते, पुढे ओटा होता व परसात शेवग्याचे झाड होते. निवृत्तीची एकरकमी रक्कम हाती आली तेव्हा पुण्याच्या मुलाने म्हटले, “बाबा, आता तिथे कशाला? इकडेच या.” मुलाचे मन चांगले होते, हे आम्ही स्वतः जाणतो. मुलाच्या फ्लॅटचे कर्ज फेडण्याकरिता गृहस्थांनी दोन महिन्यांत घर विकले आणि सामान टेम्पोत घालून ते पुण्यास गेले. चौथ्या मजल्यावरील त्या घरात त्यांस काही कमी नव्हते. पण मुलगा व सून सकाळी आठास बाहेर पडत, नातू शाळेस जाई, आणि खाली उतरून बोलावे असे ओळखीचे कोणी नसे. अकरा महिन्यांनी ते परत आले व पलूसमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. ज्या किमतीस घर विकले तीत आता तसे घर मिळत नाही.

येथे कोणी म्हणेल की शहर वाईट व खेडे चांगले, हेच तुम्हांस सांगावयाचे आहे. तसे नाही. त्याच गृहस्थांची पत्नी पुण्यास रमली होती. नळास पाणी येई, दवाखाना जवळ होता, लेकीचे घर अर्ध्या तासावर होते; आणि तिने आयुष्यभर पाणी डोक्यावरून वाहिले होते. परत येताना ती रडली. घर विकताना तिला कोणी विचारले नव्हते व परत येतानाही विचारले नाही. आमच्या मते गृहस्थांची मोठी चूक हीच होय. दुसरी चूक ही की, जेथे कायमचे राहावयाचे तेथे त्यांनी आधी पाहुणा म्हणून एक पावसाळाही काढून पाहिला नाही.

म्हणून आधी प्रवास, मग घर. आणि प्रवासाचा आरंभ जवळून करावा. मोठी यात्रा ठरविणारे पुष्कळ जण गुडघ्यांची परीक्षा न करताच तिकिटे काढतात. पलूसकरांस सागरेश्वर एका दिवसाच्या वाटेवर आहे. एके काळी ते डोंगर उघडे होते, धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन, लोकांना हाताशी धरून तेथे झाडी उभी केली, आणि 1985 साली ते अभयारण्य झाले. आज तेथे चितळ व सांबर हिंडतात. मनुष्याच्या हातांनी रान उजाड होते एवढेच आपण ऐकतो. येथे ते पुन्हा वसलेले पाहावयास मिळते. नजीकच देवराष्ट्रे आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण 1913 साली त्या गावी जन्मले. डब्यात भाकरी-पिठले घ्यावे, चढ सोसतो की नाही हे पाहावे व दिवे लागण्यापूर्वी घरी यावे.

दुसरी सहल औंधची करावी, व ती सावकाश करावी. डोंगरावरील श्रीभवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 साली उभारले. तेथे राजा रविवर्म्याची चित्रे आहेत, आणि इंग्लंडच्या हेन्री मूर या शिल्पकाराची माता व बालक ही लहानशी मूर्तीही आहे. परंतु चित्रांपेक्षा त्या राजाची गोष्ट निवृत्त मनुष्याने अधिक ध्यानात धरावी. ते 1868 साली जन्मले. सत्तरी गाठल्यावर, 1939 च्या जानेवारीत, त्यांनी आपल्या संस्थानाचा कारभार नव्या घटनेने प्रजेच्या हाती दिला. पलूस तालुक्यातील कुंडल तेव्हा त्याच संस्थानात होते. अधिकार गेल्यावर काय करावे हा प्रश्न त्यांस पडला नसावा. कारण ते स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत व सूर्यनमस्कारांचा जन्मभर प्रसार करीत. 1951 साली ते वारले. गादीवाचूनही त्यांचा दिवस भरलेला होता. आपल्यापैकी किती जणांस खात्याच्या कामावाचून दुसरे एखादे काम येते, हे ज्याने त्याने मोजावे.

खर्चाविषयी थोडे सांगतो. एस. टी.त 65 वर्षांवरील प्रवाशांस अर्धे भाडे पडते. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांस राज्यात विनामूल्य प्रवासाची सोय झाली, व 17 मार्च 2023 पासून सर्व वयाच्या स्त्रियांस अर्धे तिकीट झाले. वयाचा दाखला जवळ ठेवावा. आगगाडीतील ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च 2020 मध्ये थांबविण्यात आली. किर्लोस्करवाडीहून पुण्यास जावयाचे तर हिशेब पूर्ण भाड्यानेच धरावा. भविष्यनिर्वाह निधीखालील मासिक पेन्शन 2014 साली किमान 1000 रुपये ठरविण्यात आले होते. ज्याचे पेन्शन त्याच्या आसपास आहे, त्याने एकरकमी आलेल्या पैशास हात लावताना दहा वेळा विचार करावा. ती रक्कम डोळ्यांस मोठी दिसते, पण तिला वीस वर्षे पुरावे लागते.

मुलाकडे जावयाचेच असेल तर प्रथम तीन महिने जावे, आणि पावसाळ्यात जावे; दिवाळीत कोणाचेही घर गोड लागते. बाजार, दवाखाना व बसावयाची जागा आपल्या पायांनी गाठता येते काय, हे पाहावे. या काळात गावचे घर कुलूप लावून किंवा भाड्याने देऊन राखावे. उलट, निवृत्तीनंतर गावाकडे नवे घर बांधणाऱ्याने कृष्णाकाठची जागा स्वस्त मिळाली म्हणून भुलू नये. 2005, 2019 व 2021 साली पाणी कोठपर्यंत आले, हे विकणाऱ्यास न विचारता शेजाऱ्यास विचारावे. 2019 साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची खूण 45 फुटांची आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे बुडाली. तरण्यास जे पाणी ओलांडता येते ते म्हाताऱ्यास येत नाही.

आता शेवटची व नाजूक गोष्ट. मुलांच्या नावे घर करून देण्याची घाई करू नये. मृत्युपत्र केले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, तर जिवंतपणी घर आपलेच राहते व मन बदलल्यास मृत्युपत्रही बदलता येते. बक्षीसपत्राने दिलेले घर मात्र गेले. ते द्यावयाचेच असेल, तर आमचे पालनपोषण करावे ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्यात, अशी अट मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करून ते पत्र रद्द करून घेण्याची सोय आहे. आपल्याच मुलाशी असला कागद करण्यास लाज वाटते, हे आम्हांस समजते. चांगल्या मुलास त्या कागदाचा त्रास होत नाही.

त्या मोल्डर गृहस्थांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. पत्नी आता वर्षातून सहा महिने पुण्यास राहते व हे पलूसमध्ये राहतात. तिचा पत्ता शेजारणी विचारतात, त्याचे त्यांस आता वाईट वाटत नाही. ती आली म्हणजे दोघे एस. टी.ने कोठे तरी जाऊन येतात. गेल्या खेपेस औंधास गेली होती. आपल्या जुन्या गावावरून गाडी जाते तेव्हा गृहस्थ पलीकडच्या खिडकीशी बसतात. शेवग्याचे झाड अजून आहे, असे पत्नी सांगते.