जुन्या फोर बाय फोर जीपचं पुढचं तोंड थरथरतंय? पार्ट आणण्याआधी हे तपासा



आजचा सल्ला फवारणीचा नाही, गाडीचा आहे. टोमॅटोचे तोडे सुरू झाले की संकलन केंद्रावर जुन्या जीपांची रांग लागते. "सर, स्टेअरिंग लई हलतंय, टायर बदलू का?" असं विचारणारे या महिन्यात बरेच भेटले. मागे क्रेट भरलेले, पुढे घाट, आणि हातात थरथरणारं स्टेअरिंग, म्हणून हा विषय आजच घेतोय.

खाली लिहिलेलं सगळं महिंद्राच्या जुन्या सीजे, एमएम ५४० अशा गाड्यांसाठी आहे. म्हणजे पुढे-मागे पाटे, पुढचा एक्सल एकसंध, आणि फोर बाय फोर लिव्हरने टाकायचं.

पान पिवळं पडलं की आपण आधी बघतो, जुनं पान पिवळं आहे की नवं. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्राकडे बघायचं, शेंड्याची नवी असतील तर लोहाकडे. गाडीचंही तसंच आहे. *थरथर कधी होते* हे नीट बघितलं तर निम्मं काम तिथेच होतं. म्हणून गॅरेजला जाण्याआधी सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी रिकामी चालवून बघा. किती वेगाला सुरू होते, किती वेगाला थांबते, ब्रेक दाबल्यावर वाढते का, वळणावर बदलते का, थरथर हातात येते की पायाखालच्या पत्र्यात, हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा. त्याच वेगात क्लच दाबून बघा. तरीही थरथर तशीच राहिली तर इंजिनचा संबंध नाही. (ही चाचणी उतारावर किंवा घाटात करू नका.)

*हलकं-जड ओळखायचं कसं?*
जीपचं चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. म्हणजे ताशी ५० किलोमीटरला ते सेकंदाला ६ वेळा फिरतं. प्रोपेलर शाफ्ट त्याच्या चार-पाच पट फिरतो, म्हणजे सेकंदाला २५ ते ३० वेळा. म्हणून चाकाचा दोष असेल तर धडधड जवळजवळ मोजता येते आणि स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलतं. शाफ्टचा दोष असेल तर बारीक गुणगुण येते, पत्रा आणि लिव्हर झिणझिणतात, स्टेअरिंग मात्र फारसं हलत नाही. हा फरक कळला की नवीन टायरचा खर्च बऱ्याचदा वाचतो.

*आधी चाकं धुवा.* हसू नका, हे खरं सांगतोय. काळ्या रानातून गाडी बाहेर आली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटतो आणि वाळून ढेप होते. एका बाजूला अर्धा किलो माती बसली तरी वेगात चाक उडायला लागतं. आतून खरवडून पाणी मारा, मग पुन्हा चालवून बघा. हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे का, तेही तेव्हाच बघून घ्या.

मग चाकं उचलायची. सपाट जागा घ्या. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, जॅक एक्सलखाली लावा आणि एक्सलखाली लाकडाचा भक्कम ठोकळा द्या. *नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका.*

चाक हाताने फिरवा. रिमजवळ एक काडी स्थिर धरली की रिम वाकडी आहे का, लगेच दिसतं. रिम सरळ असून टायर वर-खाली होत असेल तर टायर फुगलाय किंवा नीट बसलेला नाही. फिरवताना खरखर आली तर बेअरिंग.

आता चाक वर आणि खाली धरून हलवा. ढिल जाणवली तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. *ब्रेक दाबल्यावर ढिल गेली तर चाकाचं बेअरिंग, राहिली तर किंगपिन.* दोन्ही कामं वेगळी, खर्च वेगळा. गॅरेजवाला काही म्हणाला तरी ही चाचणी त्याच्यासमोर करून दाखवा.

डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर ढिल आली तर टायरॉड एंड किंवा स्टेअरिंगचे सांधे. हे चाकं जमिनीवर असताना जास्त चांगलं कळतं. एकाने इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने वाकून एकेक सांधा बघायचा, बोट ठेवायचं. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तो सांधा गेला. स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट चेसीवर पक्के आहेत का, पाट्यांचे बुश झिजलेत का, यू-बोल्ट ढिले आहेत का, हेही याच वेळी दिसतं. यू-बोल्ट ढिला असेल तर अख्खा एक्सल पाट्यावर सरकतो, मग अलाइनमेंट कितीही करा, टिकणार नाही.

किंगपिनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच्याकडे होतं. या गाड्यांत चाकामागे गोल भांड्यासारखा भाग असतो, त्यात वर-खाली किंगपिनची बेअरिंगं आणि ग्रीस असतं. बाहेरचं सील फाटलं आणि गाडी ओढ्यातून किंवा भाताच्या चिखलातून गेली की पाणी आत जातं. ग्रीस पांढरट, ताकासारखं झालं असेल तर पाणी गेलंय हे नक्की. बेअरिंग झिजतं, ढिल येते. टोपीखाली पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. शिम कमी करून ढिल काढता येते, पण बेअरिंगला खड्डे पडले असतील तर शिम काढून फायदा नाही, बेअरिंगच बदला. पावसाळा संपला की सील बघणं हे काम वर्षातून एकदा कराच.

किंगपिन, टायरॉड आणि बुश यांत सगळीकडे थोडी थोडी ढिल असेल तर सगळ्यात धोक्याचा प्रकार होतो. ४०-५० च्या वेगात खड्डा लागतो आणि स्टेअरिंग एकदम जोरात फडफडायला लागतं, थांबतच नाही. असं झालं तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, हळूहळू वेग उतरवा, बाजूला घ्या. त्यानंतर *त्या गाडीत माल भरू नका, माणसं तर अजिबातच नको.* अशा वेळी बरेच जण स्टेअरिंग डॅम्पर बसवून देतात. फडफड थांबते, पण ढिल तशीच असते आणि वाढत जाते. डॅम्पर वाईट नाही, पण तो शेवटी बसवायचा.

आता शाफ्ट. फ्री व्हील हब असलेल्या गाडीत चाचणी सोपी आहे: हब मोकळे ठेवून टू व्हीलमध्ये चालवा. थरथर गेली, आणि कच्च्या रस्त्यावर हब लॉक केल्यावर परत आली, तर दोष पुढच्या शाफ्टमध्ये किंवा एक्सलच्या आतल्या जॉइंटमध्ये. हब नसतील तर पुढचा शाफ्ट टू व्हीलमध्येही फिरतच असतो. तो खोलून, फ्लँजवर दोन्हीकडे रंगाची खूण करून, टू व्हीलमध्येच चालवून बघा. शाफ्ट बाहेर असताना फोर बाय फोरच्या लिव्हरला हात लावू नका.

खूण का करायची, ते ऐका. आपल्या एका सभासदाच्या जीपला दोन वेळा बॅलन्सिंग झालं, पुढचे टायर नवे घेतले, तरी झिणझिण जाईना. विचारल्यावर कळलं, सहा महिन्यांपूर्वी शाफ्टचा क्रॉस बदलला होता. शाफ्ट मधोमध सरकणाऱ्या दात्यांवर जोडलेला असतो. जोडताना तो दोन दाते फिरवून बसवला होता. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कान एका रेषेत हवेत. नसतील तर दोन्ही क्रॉस एकमेकांचा झटका मारण्याऐवजी वाढवतात. शाफ्ट खोलून, कान एका रेषेत आणून परत जोडला. खर्च फक्त मजुरीचा. नवे टायर मात्र आधीच घेऊन झाले होते.

ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर ड्रम लंबगोल झालेत, लेथवर तासून घ्या. वळणावर पुढचं तोंड अडखळत असेल तर आधी लिव्हर बघा. डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर टाकलेलं राहिलं तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात. लिव्हर निघत नसेल तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या, सुटेल. पुढे एका साइजचे आणि मागे दुसऱ्या साइजचे टायर असतील तरी हाच त्रास होतो.

सगळी ढिल काढल्यावरच अलाइनमेंट करा, आधी केली तर पैसे वाया. या गाड्यांत पुढच्या चाकांचं पुढचं अंतर मागच्यापेक्षा १ ते ३ मिलिमीटर कमी असावं लागतं.

ज्यांना अजून अडचण आहे त्यांनी या नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा. गाडीचं मॉडेल, थरथर किती वेगाला येते, रिकामी की भरलेली, हब आहेत की नाहीत, आणि ब्रेक दाबून केलेल्या चाचणीत काय निघालं, एवढं सांगा. नुसता "गाडी हलते" असा मेसेज नको. स्टेअरिंग फडफडणारी गाडी असेल त्यांनी उद्याचा माल शेजाऱ्याच्या गाडीत टाका. केंद्रावर उशीर झाला तरी वजन करून घेऊ, मी तिथे सांगून ठेवलंय.